सात दहाचा हात

निवृत्त माणसाने आराम करावा म्हणतात. ड्रायव्हरसाहेबांनी तोसुद्धा वेळापत्रक लावून करायला घेतला. जावयाची कॅराव्हॅन आठ दिवसांसाठी मागून आणली होती. समुद्राच्या कडेकडेने रमतगमत जायचं, ही बायकोची एकुलती एक अट. आणि या गृहस्थांनी काय करावं? फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला: चहा पाच पस्तीस, प्रस्थान सहा पाच, समुद्र पाहणे सहा वीस ते सहा तीस.

"दहा मिनिटं समुद्र?" बायको म्हणाली. "अहो, सहल काढलीत की फेरी?"

"सात दहाला मोठ्या वळणावर पोचायचंय. ती उभी असेल."

ती म्हणजे कोण, हे बायकोला तोंडपाठ होतं. साहेबांनी बावीस वर्षं याच रस्त्यावर बस चालवली. एक मिनिट उशीर नाही, त्याचं प्रशस्तिपत्र बैठकीच्या भिंतीवर आहे. आणि ती बावीस वर्षं रोज सकाळी सात दहाला एक बाई मोठ्या वळणावर उभी राहून त्यांना हात करायची. हेही स्टिअरिंगवरचा हात उचलून उत्तर द्यायचे. कोण, कुठली, काही पत्ता नाही. पण घरात वाजलं की साहेब हमखास म्हणायचे, "बाहेर विचार माझी किंमत! एक बाई रोज माझी वाट बघत उभी असते."

"मग तिच्याकडेच जेवा," बायको म्हणायची.

शेवटच्या आठवड्यात साहेबांना दुसऱ्या मार्गावर टाकलं, आणि तिचा निरोप घ्यायचा राहिला. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. सहलीचं नुसतं निमित्त. निघाले होते ते तिला भेटायला.

कॅराव्हॅन म्हणजे पाठीवर बिऱ्हाड. प्रत्येक वळणाला कप खुळखुळायचे, फडताळाचं दार उघडायचं आणि साखरेचा डबा बायकोच्या मांडीवर येऊन बसायचा.

"हळू चालवा हो! समुद्र तरी बघा."

"बावीस वर्षं बघितलाय."

"डोंबल! बावीस वर्षं रस्ता बघितलात."

साहेबांनी चोरून डावीकडे पाहिलं. पाण्यात चांगला घराएवढा काळा खडक होता. तो कधीपासून होता कोण जाणे. पण विचारायची सोय नव्हती.

सात नऊला मोठं वळण आलं. आणि ती होती! केस पांढरे झालेले, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. साहेबांची छाती फुगली. "बघ," ते बायकोला म्हणाले, आणि गाडी अगदी सावकाश केली. म्हातारीने हात वर केला. साहेबांनीही केला. आणि भेटायचंच होतं, म्हणून ब्रेक दाबला.

ते खाली उतरायच्या आत बाजूचं दार उघडून म्हातारी वर आलीसुद्धा. पलंगावर ऐसपैस बसली.

"आता बिछान्याची बस काढली वाटतं! बरं केलं. बाजाराच्या चौकात सोडा, बहिणीकडे जायचंय भांडायला."

बायकोने हसू दाबत तिला चहा ओतला. गाडी निघाली. "रोज इथेच उभ्या राहता, आजी?"

"थांबा आहे ना हा! खांब वादळात पडला, झुडपात गेला. डेपोत जाऊन सांगितलं, तर म्हणे असा थांबाच नाही. आताचा पोरगा बिचारा थांबतो. पण त्याच्या आधी एक मेला मिशाळ होता. बावीस वर्षं, बाई! मी रोज हात करायची, थांब म्हणून. आणि तो? मलाच हात हलवून दाखवायचा आणि भुर्रकन पसार!"

बायकोचा चहा नाकात गेला. साहेबांचा हात आपोआप वरच्या ओठाकडे गेला. मिशी काढली होती, म्हणून वाचले.

"मग कामावर कशा जायचात?"

"पुढच्या थांब्यापर्यंत तंगडतोड, अर्धा तास. दवाखान्याच्या चादरी धुवायची मी. उशीर झाला की मुकादमीण सगळ्यांसमोर उभं करायची. मग मी म्हणायची, मूळव्याध होवो मेल्याला!"

"झाली होती," बायको म्हणाली.

"कुणाला?"

"आमच्या ओळखीतल्या एकाला."

साहेब समोर बघून गाडी हाकत राहिले. सायकलवाले मागून पुढे जात होते. बावीस वर्षं जपून ठेवलेली एक गोष्ट, आणि ती अशी निघाली. गप्प राहिलं तर म्हातारीला कळणार नव्हतं, आणि बायको काही चुगली करणार नव्हती. आरशात ती दिसत होती, आता हसतही नव्हती. चौक आला. साहेब खाली उतरले, म्हातारीला हात देऊन उतरवलं आणि तो हात सोडलाच नाही.

"आजी, तो मेला मीच."

म्हातारीने दोन बोटं त्यांच्या ओठावर आडवी धरून पाहिली. "अगं बाई! तूच रे!" म्हणत पिशवी हाणली. पिशवीत बटाटे होते.

"मला वाटायचं, तुम्ही माझी खुशाली विचारता," साहेब म्हणाले. "फार बरं वाटायचं हो. दिवस चांगला जायचा."

म्हातारीने पिशवी खाली ठेवली.

"पहिली दोन वर्षं नुसत्या शिव्या घातल्या तुला," ती म्हणाली. "मग कळून चुकलं, हा काही थांबायचा नाही. सरळ चालायला लागले असते तर वेळेवर पोचले असते. तरी सात दहापर्यंत थांबायची. नवरा गेलेला, पोरं परगावी. सकाळी उठून माझ्याकडे बघून हात हलवणारं दुसरं होतं कोण?" तिने नाक पुसलं. "पण शिव्या मनापासून दिल्यात हं. उद्या ये सात दहाला. आणि थांब."

दुसऱ्या दिवशी कॅराव्हॅन पावणेसातलाच वळणावर हजर. सात दहा झाले, सव्वासात झाले. बायको दारात बसून चहा पीत समुद्र बघत होती. साहेब घड्याळ बघत होते, मग खडक, मग पुन्हा घड्याळ.

"अहो, वेळापत्रक कोलमडलं की!"

"कोलमडू दे."

सात एकतीसला म्हातारी आली, रमतगमत, लांबूनच हात करत. साहेबांनीही हात केला.

"फार वेळ थांबलास का रे?"

"छे हो, आजी," साहेब म्हणाले. "गाडी आत्ताच आलीय."