जसुबेनकडचं ताट

उर्मिलाला दिवसाढवळ्या स्वप्नं पडायची. रात्री एक पडेल तर शपथ. पण दुपारी बालवर्गाची मुलं घरी गेली, की गिरगावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसल्या बसल्या ती कुठल्या कुठे निघून जायची. दूध उतू जायचं, भात खाली लागायचा. नवरा कमलाकांत म्हणायचा, "आमची ही असते घरातच, पण सापडत नाही."

अशाच एका दुपारी तिला ताट दिसलं. घरातलंच पितळी ताट, काठावर सासूबाईंचं नाव कोरलेलं. ते आपलं आपण उठलं, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली उतरलं आणि करंज्या-चकल्या घेऊन फिरायला निघालं. खोताच्या वाडीत मार्था आंटीच्या व्हरांड्यात जाऊन टेकलं. आंटीनं करंज्या काढून घेतल्या आणि रिकामं ताट कसं धाडायचं म्हणून त्यात नाताळचे कुलकुल भरले. स्वप्नात दिवाळी आणि नाताळ एकाच दिवशी यायला कोण हरकत घेणार? तिथून ताट समोरच्या बिऱ्हाडात, जसुबेनकडे. तिथे घुगरे आणि मठिया. मग ट्रामच्या तारांवरून तरंगत डिलाईल रोडच्या चाळीत, गिरणीत जाणाऱ्या मीराबाईकडे. तिनं मालवणी खाजं घातलं. प्रत्येक दारात एक पोर उभं, प्रत्येक दाराला निराळा वास, आणि ताट मात्र कुठूनच रिकामं निघत नव्हतं.

उर्मिलानं ब्रश हातात घेतला आणि 'ताट निघालं फिरायला' हे पुस्तक तयार झालं. पानाला एकच ओळ, बाकी सगळं चित्र. खरं तर ते काढलं हंसासाठी. जसुबेनची ही धाकटी उर्मिलाच्याच वर्गात होती. वर्गातल्या गोष्टींच्या पुस्तकांत सगळ्या आया नऊवारीतल्या, सगळ्या दारांत तुळस. हंसा एकेक पुस्तक उलटंपालटं करून आपली आई शोधायची आणि विचारायची, "बाई, यात माझी बा का नाय?" अख्खा पावसाळा ती हेच विचारत होती. शेवटी उर्मिलानं तिला शब्द दिला, "नाताळात येईल हं तुझी बा पुस्तकात."

ठाकुरद्वारला अच्युतरावांचा छापखाना होता. त्यांनी चित्रं पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. "दृष्ट लागेल अशी झालीत, उर्मिलाबाई. पण हे पान नको."

पान जसुबेनचं होतं. उजव्या खांद्यावरून पदर पुढे घेतलेली बाई, हातात ताट. गुजरातीण, हे शेंबड्या पोरालाही कळावं.

"जसुबेननं काय केलं हो?"

"त्यांनी काही केलं नाही. पण जानेवारीत मोर्च्यात माझ्या भाच्याच्या मांडीत पोलिसांची गोळी घुसली. अजून लंगडतोय पोरगा. मुंबई मराठी माणसाच्या हातची जाते की राहते, हेच कळेनासं झालंय, आणि बहिणीसमोर मी हे चित्र धरू?" त्यांचा आवाज खाली आला. "सध्या कुणाचंच डोकं ठिकाणावर नाही. माझंही नाही. फार काही करू नका. पदर तेवढा डाव्या खांद्यावर घ्या. घुगरा काय, करंजीसारखाच दिसतो. मुलांना काय कळतंय?"

एरवी उर्मिलानं छापखाना डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी घेतला नाही, कारण तिच्याही मनात एक सल होता. ते खरं ताट.

गेल्या दिवाळीला फराळ घेऊन ते जसुबेनकडे गेलं, ते गेलंच. दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच शहरात गोळ्या सुटल्या. मग मोर्चे, संचारबंदी, वाडीवाडीत कुजबुज. समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांमधलं बोलणं आटलं. आपलं ताट आपण मागायचं नसतं. शेजारीण काहीतरी घालून पाठवील तेव्हा यायचं. संक्रांत गेली, होळी गेली, गणपती आले नि गेले. "ताट गेलं म्हणायचं," कमलाकांत म्हणाला. "त्यांना आता आपल्याशी काय घेणं?" उर्मिलाला राग आला होता, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं एकमेकींची पोरं सांभाळली, ती काय उगाच?

म्हणून ती अच्युतरावांना फक्त "बरं" म्हणाली. घरी येऊन तिनं ओल्या ब्रशानं उजवा पदर पुसला, डावा काढला. कितीसा वेळ लागतो? मग ती खिडकीत बसली. पण त्या दुपारी ताट काही फिरायला निघेना. दोन पायऱ्या उतरायचं आणि जिन्यातच थांबायचं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हंसा तिच्या मागोमाग घरात शिरली. चित्रं टेबलावर वाळत होती.

"माझी बा कुठाय?"

"ही काय, घुगरेवाली," उर्मिला म्हणाली. आवाज नको तितका गोड निघाला.

हंसानं टाचा उंचावून नीट पाहिलं. "ही नाय माझी बा. ही तर ताट देते."

"म्हणजे?"

"माझी बा नाय देत. सण आला का बा तुमचं ताट भरते. दारापर्यंत येते. मग बसून राहते आणि परत सगळं डब्यात काढते." हंसानं नाक ओढलं. "बा म्हणते, नको म्हणाल्या तर?"

समोरची गॅलरी, तिच्यामागचं स्वयंपाकघर उर्मिलाला भिंतीआरपार दिसू लागलं. संक्रांतीला भरलेलं ताट, होळीला भरलेलं ताट, त्यावर झाकलेला रुमाल, उंबऱ्याशी येऊन मागे वळलेले पाय. रिकामं धाडायचं नाही आणि भरलेलं धाडायचा धीर होत नाही. आणि आपण काय केलं? मानानं फुगून बसलो! उर्मिलाला स्वतःची अशी लाज वाटली, की चपला न घालताच ती गॅलरी ओलांडून गेली.

जसुबेननं दार उघडलं. उर्मिलाला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"जसुबेन, माझं ताट द्या."

मागायचं नसतं ते तिनं मागितलं होतं. जसुबेन आत गेली आणि ताट घेऊन आली. इतकं लख्ख घासलेलं, की सासूबाईंचं नाव लांबून वाचता यावं. पण दारात येऊन ती घुटमळली. "रिकामं कसं देऊ, उर्मिलाबेन? आज घरात काहीच नाय केलं."

"साखर आहे ना?"

जसुबेननं चिमूटभर साखर आणली. अर्धी ताटात पडली, अर्धी उंबऱ्यावर. उर्मिलानं ताटातली तिथंच, दारात उभ्या उभ्या तोंडात टाकली. मग दोघी रडल्या आणि रडता रडता एकमेकींवर ओरडल्या, की तूच का नाही आलीस.

"आता बसा," उर्मिला डोळे पुसत म्हणाली. "पदर कसा घेता, नीट दाखवा. मला पान पुन्हा करायचंय."

उजवा पदर परत आला. पण कागद किती वेळा पाणी सोसणार? डाव्या खांद्यावरचा काही केल्या पुरता जाईना. फिका, ढगासारखा, तो तिथेच राहिला.

"हे काय?" अच्युतरावांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलेला पदर. धुतला, पण जात नाही. पान असंच जाईल, नाहीतर पुस्तकच नको. मुंबई मिळायलाच हवी, अच्युतराव, मीही मोर्च्यात जाऊन आलेय. पण त्यासाठी शेजारणीचा पदर ओढायला मी येणार नाही."

अच्युतरावांनी चित्र उजेडाकडे धरलं. मागच्या खोलीतून भाच्याच्या काठीचा आवाज आला. "राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "दोन्ही राहू द्या."

नाताळात पुस्तक आलं. जसुबेननं पान डोळ्यांशी धरलं आणि पोट धरून हसली. "एका साडीला दोन पदर! असली साडी तर मुळजी जेठाच्या कापडबाजारात पण नाय मिळणार."

हंसाला साडीशी काही देणंघेणं नव्हतं. पुस्तक छातीशी धरून ती वाडीतल्या दारोदार हिंडली. मार्था आंटीच्या व्हरांड्यात चढली, कुलकुल मटकावले आणि पान उघडून त्यावर चिकट बोट ठेवलं.

"ही माझी बा," ती म्हणाली. "माझी बा ताट देते."