उजेडाकडची

ठिपका अजून पेटला नव्हता. फ्लॅशच्या पाठीवरचा तो मोहरीएवढा ठिपका... विमला त्याच्यावर डोळे लावून उभी होती. आत डास अडकल्यासारखी बारीक कुईं चढत जायची, मग ऐकू येईनाशी व्हायची, मग ठिपका नारिंगी व्हायचा आणि तिनं म्हणायचं, "हूं." की तिकडे प्रभंजन खटका दाबायचा. एवढंच तिचं काम. पण सेल थकले होते. एकदा लखकन उजेड सांडला की पुन्हा भरून यायला त्यांना वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ हात वरच ठेवायचे... हात तरी कसले, कुणीतरी खांद्याला टांगलेले दोन ओले पंचे.

"अक्का, जरा वर. अजून. छत्री वाकडी झाली बघ की."

वाकडी होईल नाही तर काय. सकाळी धारवाडच्या मळमड्डीतून निघून, ही छत्री मांडीवर घेऊन हुबळीच्या बसमध्ये अवघडून बसायचं, आणि मग गौरीहराच्या पूजेपासून ती दोन्ही हातांनी अशी तोलून धरायची. काळी, म्हाताऱ्या माणसाची असते तसली छत्री. तिच्या दांड्याला सुतळीनं फ्लॅश बांधलेला, तोंड आत करून. फ्लॅशपासून कॅमेऱ्यापर्यंत टेलिफोनच्या वायरीचे तुकडे जोडून केलेली लांबलचक शेपटी, जागोजागी काळ्या पट्टीच्या गाठी. आठवडाभर कचेरीत कारकुनी करणारा तिचा धाकटा भाऊ प्रभंजन लग्नसराईत फोटोग्राफर होतो, आणि त्याला कुठल्याशा जुन्या मासिकात एक चित्र दिसलं होतं—फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवलेला, दूर, बाजूला. "समोरून उजेड मारला ना अक्का, की माणसं भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसतात. बाजूनं दे, नाकाला नाक येतं, डोळ्याला डोळा येतो." मग कितीतरी संध्याकाळी घरातल्या नारळाला मुंडावळ्या बांधून टेबलावर बसवलं, आणि फिल्म खर्चायची नाही म्हणून साधा दिवा इकडून तिकडून फिरवत दोघं नारळाच्या गालावरची सावली बघत बसली. हसून हसून पुरेवाट झाली होती. नवरी फार लाजते गं, प्रभंजन म्हणाला होता.

छत्रीला आतून पांढरं कापड हवं होतं. विमलानं ट्रंक उघडली आणि ह्यांचं धोतर काढून दिलं. त्यानं कात्री घेतली. तेव्हापासून ह्यांच्या धोतरावर उजेड आपटतो आणि मऊ होऊन कुणाकुणाच्या लेकींच्या तोंडावर ओघळतो... ह्यांना हे आवडलं असतं का? कुणास ठाऊक. आवडलं नसतं तरी ते बोलले नसते. बोलायला फार दिवस मिळालेच नाहीत त्यांना.

एकच खोट होती. छत्रीत आपटून उजेड निम्मा मरतो. म्हणून जवळ यावं लागतं, अगदी जवळ, बोहल्याच्या कडेला, नवरीच्या खांद्याशी. दिवा घेतलेली करवली जिथं उभी राहते, तिथं.

ही जागा विमलाची नव्हती. प्रभंजनच्या लग्नात शकुनाचा दिवा चुलतबहिणीनं धरला. त्याची सख्खी बहीण तेव्हा कोठीच्या खोलीत नारळ सांभाळत होती, दार लोटून, मंगलाष्टकं भिंतीतून ऐकत. रांगोळीच्या पिठानं भरलेल्या हातांनी आई पूर्वी गुणगुणायची ते तिथं ओठांवर आलं होतं, आणि तिनं ते पदरानं दाबलं होतं—

भावाच्या लगनात, दिवा धरी माझा हात
वाऱ्या, जरा दमानं रे, कोवळी आहे वात...

वारा दमानं आला नाही. पण त्यावर किती दिवस बोलायचं? छत्रीमागे बरं होतं. उजेड लखलखला की समोरच्याच्या डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे भोवरे फिरतात, त्याला छत्रीमागचं माणूस दिसतच नाही. दाराशी हळदीकुंकवाची ताटली पुढे आली तरी सांगता येतं, हात गुंतलेत हो. हात गुंतलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. अशी कितीतरी लग्नं तिनं जवळून पाहिली, अक्षता अंगावर घेतल्या. हे बक्षीसच होतं... होतं ना?

"काय हो, मांडवात पाऊस यायचाय?" नवऱ्या मुलाचा कुणी मामा ओरडला.

"पाऊस नाही मामा, ऊन धरलंय छत्रीत," प्रभंजन म्हणाला, आणि मांडव हसला.

ठिपका पेटला. "हूं." लख्ख. पुन्हा कुईं.

नवरीची आत्या, पार्वतीबाई, डोळे चोळत तिच्याकडे आल्या. हातात कुंकवाचा करंडा, तोंडात विडा. "काय डोळे दिपवता री तुम्ही! काही म्हणजे काही दिसेना झालंय. यार कडेयवर्री नीवु? मुलीकडच्या की मुलाकडच्या?"

"मी फोटोकडची."

"म्हणजे ना इकडची ना तिकडची!"

"उजेडाकडची म्हणा की," विमला म्हणाली. असं हलकं बोलून किती दिवस झाले होते. तिलाच आपल्या आवाजाची गंमत वाटली. आणि त्या गमतीत सावध व्हायचा अर्धा क्षण निसटला.

"अय्या, करवलीच की मग! आणि कपाळ असं मोकळं? घामानं गेलं वाटतं. थांबा, हात गुंतलेत तुमचे, मीच लावते." आणि अजून भोवरे फिरणाऱ्या डोळ्यांनी, अंदाजानं, पार्वतीबाईंचं बोट आलं. ओलसर, गार. कपाळाच्या मधोमध टेकलं, जरासं फिरलं, गेलं.

ओरडायला हवं होतं. मान तरी वळवायला हवी होती... पण छत्री हातात, वायर ताणलेली, आणि पार्वतीबाई तोवर पुढच्या बाईकडे वळल्यासुद्धा. अंतरपाट धरला गेला. भटजींनी खाकरून गळा साफ केला. आता हलायचं नाही. आता फक्त ठिपका.

कुंकू जड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. पूर्वी रोज लावायची तेव्हा कधी कळलं नव्हतं. आता कपाळावर कुणी तळवा टेकून उभं राहिल्यासारखं वाटत होतं. कुणी पाहिलं तर? माहितीतलं कुणी निघालंच तर? धारवाड-हुबळीत नातं निघायला काय वेळ लागतो... कपाळ पांढरं असलेली बाई कुंकू लावून बोहल्याशी उभी राहिली, म्हणतील; भर मांडवात आवाज चढतील, ती पोर रडेल, आणि प्रभंजनला पुन्हा कुणी लग्नाला बोलावणार नाही. आणि त्याच वेळी—हे कुणाला सांगायचं—पाठ ताठ झाली होती. नवरीच्या मानेवरचा घामाचा ओघळ, गजऱ्यातून निसटलेली एक कळी, करवलीच्या हातातल्या ज्योतीचं थरथरणं, सगळं असं काही स्पष्ट दिसत होतं, की जणू इतके दिवस ती उजेड धरत होती आणि बघत मात्र नव्हती.

शेवटचं मंगलाष्टक. अक्षता. अंतरपाट खाली. "हूं!" लख्ख. वाजंत्री.

गर्दी जेवणाकडे सरकली तेव्हा कुठं तिनं छत्री मिटली. भिंतीशी दोघं उरली. प्रभंजन हात आणि कोपर यांच्यामध्ये वायर गुंडाळत होता. तिच्याकडे न बघता, हळू आवाजात तो म्हणाला, "अक्का, कपाळ पूस. कुणी बघेल."

"तू कधी बघितलंस?"

"मघाशीच. कॅमेऱ्यातून. मंगलाष्टकांच्या आधी."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

त्यानं वायरीची गाठ चाचपली. "तेव्हा तू हलली असतीस, उजेड हलला असता."

खरं बोलला पोरगा. तिनं लहानपणी कडेवर घेतलेला, खोटं बोलायला न शिकलेला. तो दुष्ट नव्हता. त्यानंच तर तिला कोठीच्या खोलीतून बाहेर काढलं होतं... बाहेर काढलं, आणि छत्रीमागे ठेवलं. तिला हे नवीन नव्हतं, तरी आत्ता ऐकल्यासारखं वाटलं. दोघांनी मिळून सावली कुठं पडते ते इतकं निरखून पाहिलं होतं, नारळावर, नवऱ्या मुलींवर. ती स्वतः कुठं उभी आहे हे दोघांतल्या कुणीच विचारलं नव्हतं. तिनंसुद्धा नाही.

"पूस ना अक्का. येतील आता कुणी पंगतीला बोलवायला."

"हो, पुसते."

पुसायचंच होतं. पदराचं टोक बोटांत आलंही होतं. पण हात वर जाईना. दिवसभर दुसऱ्यांसाठी वर राहिलेला हात, खांद्यापासून बधिर झालेला. त्याला आता वर जायचं नव्हतं. दुखतोय म्हणून, ती मनाशी म्हणाली, दुसरं काही नाही. जरा थांबू, जरा रक्त वाहू दे... मांडवातून पावलांचा आवाज जवळ येऊ लागला, कुणाचा ते कळेना, आणि आश्चर्य हे की तिला धडकी भरली नाही. ती नुसती थकलेली होती, फार फार थकलेली, आणि त्या थकव्यात कुठंही लपायला जायचं त्राण उरलं नव्हतं.