वीसच्या वीस

सरांना विचारलं असतंत, तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं: शिकवणी वेगळी आणि निवड वेगळी. फी घेतो म्हणून कुणाला झुकतं माप देणारा माणूस मी नव्हे! खरं सांगायचं, तर फीपेक्षा त्यांना ती रविवारची सकाळच हवी असायची. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या. रविवारी मात्र शिकवणीला येणारी खारूताई नावाची पोरगी कोर्टवर तासभर तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

बॅडमिंटनच्या संघात एकच जागा उरली होती. एकीकडे खारूताई, दुसरीकडे चष्मेवाली. चष्मेवालीच्या घरी शिकवणी परवडण्यासारखी नव्हती. चाचणी साधी होती. सर जाळीपलीकडून वीस शटल टाकणार, जी जास्त परतवेल ती संघात.

चष्मेवालीने चौदा परतवली, तीही धापा टाकत. मग खारूताई उभी राहिली. वीसच्या वीस! अहो, शटल सरांच्या हातातून सुटायच्या आत पोरगी तिथे हजर. सरांनी तिथल्या तिथे तिचं नाव जाहीर केलं. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या तिच्या बाबांनी. बाकीच्या पोरी चष्मेवालीभोवती गोळा झाल्या आणि तिला घेऊन निघून गेल्या.

खारूताई हातात रॅकेट तशीच धरून सरांपाशी आली.

"सर, दोन डावीकडे, एक जाळीजवळ, एक एकदम मागे. हा तर आपला रविवारचाच क्रम होता."

सरांनी मनातल्या मनात वीसही शटल पुन्हा टाकून पाहिली; क्रम तोच होता. देवाशपथ, त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. समोर ती दिसली आणि हात सवयीने चालत गेला. जळला मेला तो हात!

"उद्या पुन्हा चाचणी घेऊ," ते म्हणाले. "शटल दुसरं कुणीतरी टाकेल. माझी चूक मी सगळ्यांसमोर सांगतो."

"घ्या. पण मी आता शिकवणीला नाही येणार."

"रागावलीस का गं?"

"नाही." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही दर रविवारी म्हणायचात ना, छान खेळतेस म्हणून? ते खरं होतं का, हे मी आता कुणाला विचारू?"

"खरंच होतं गं, पोरी."

तिने मान डोलावली. पण तिचा विश्वास बसला नाही, हे सरांना दिसलं.