मान हलवण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. गोल, तळहाताहून थोडा मोठा, लाकडी मुठीचा. भिंतीवरच्या बड्या आरशांचा थाट माझ्याकडे नाही. त्यांच्यासमोर लोक तास तास बसतात, भांग पाडतात, दात बघतात. मला फक्त शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी हातात घेतात. केस कापून झाले, मानेवरची पावडर झटकली, की आमचे सलूनचे मालक मला गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायचे आणि विचारायचे, "मागून बरोबर आहे ना?"

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगतो. चोवीस वर्षं मी हे काम केलं, पण माझ्यात खरोखर बघणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. बाकीचे नुसती मान हलवायचे. "झकास!" म्हणायचे, आणि डोळे असायचे समोर स्वतःच्या मिशीवर. मालकांना ते पक्कं ठाऊक होतं. तेही गिऱ्हाइकाच्या मानेकडेच बघायचे. मान हलली की माझी रवानगी खुंटीवर! मला भारी राग यायचा. अरे, बघायचंच नव्हतं तर मला उचललं कशाला?

अपवाद एक, कोपऱ्यावरचे घड्याळवाले काका. ते आधी चष्मा पुसत, मग एक डोळा बारीक करत. "जरा डावीकडे धरा. हां. कानामागे चार केस राहिलेत." मालक त्यांच्या पाठीमागे तोंड वेंगाडायचे, पण राहिलेले केस निघायचेच. काका येऊन गेले की तो दिवस मला बरा जायचा.

एकदा मालक दुकानाची पाटी पुसायला शिडीवर चढले आणि शिडी फरशीवरून सरकली. धप्प असा आवाज मी आतून ऐकला. लोक धावले, कुणीतरी ओरडलं, "हलवू नका त्यांना!" नंतर कळलं की पाठीच्या कण्याला जबर मार बसलाय. हात शाबूत होते, पण कमरेखाली ना हालचाल राहिली, ना स्पर्श कळत होता. दुकानाला कुलूप लागलं. मी खुंटीवर धूळ खात पडलो आणि मनाशी म्हटलं, आता आपली कहाणी संपली.

चार महिन्यांनी मालकीणबाईंनी कुलूप उघडलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, पदराने पुसलं आणि घरी नेलं. तिथे माझ्या मुठीला हातभर काठी बांधली गेली. घरी मालकांना बघायला येणाऱ्या सिस्टर समजावून सांगत होत्या.

"तुम्हाला खाली दुखत नाही, म्हणजे तिथे काही होत नाही असं समजू नका. एका जागी बसून बसून कातडी आतून मरते. रोज दोनदा आरशात बघायचं. माकडहाड, कुल्ले, टाचा. लाल किंवा काळसर डाग दिसला, तो दाबूनही फिका पडला नाही, तर त्या जागेवर भार द्यायचा नाही आणि मला लगेच फोन करायचा."

"साधा डाग तर असणार," मालक म्हणाले. "होईल आपोआप बरा."

"तेच तर! कणा दुखावला की फक्त पायांचेच निरोप थांबतात असं नाही. अंगात रोगजंतूंशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यापर्यंतही हुकूम नीट पोचत नाहीत. कधी त्या कमी पडतात, तर कधी शत्रू नसताना आतल्या आत धुमसत बसतात. दुसऱ्याला जी जखम चार दिवस त्रास देते, ती तुमच्या जिवावर उठू शकते. कळलं?"

मालकांनी मान हलवली. ते हलवणं मी ओळखलं. चोवीस वर्षं तेच तर बघत आलो होतो.

पहिल्याच दिवशी बाई मला धरायला आल्या, तर मालक म्हणाले, "एवढं तरी मला माझं करू दे गं." बाईंना त्यांचं मन मोडवेना. त्या मला त्यांच्या हाती देत आणि भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत. मालक कुशीवर वळत, मला मागे नेत आणि डोळे गच्च मिटून घेत.

"ठीक आहे ना?" बाई विचारत.

"ठीक आहे."

आळशीपणा म्हणू नका हं. मी त्यांच्या इतक्या जवळ होतो की मला सगळं दिसत होतं. ते पाय वाळत चालले होते, आणि बोट लावलं तरी ते दुसऱ्याच कुणाला लावल्यासारखं वाटायचं. स्वतःचं अंग स्वतःला परकं झालेलं बघायची त्यांना भीती वाटत होती. भीतीच ती, दुसरं काही नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं भेटायला आली. खूप दिवसांनी घरात हसणं ऐकू आलं. सिस्टरनी बजावलं होतं की दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग खुर्चीतून उचलायचं. पण चारचौघांत तसं करायला मालकांना लाज वाटली. ते पाच तास तसेच बसून राहिले.

त्या संध्याकाळी मला माकडहाडावर शर्टाच्या बटणाएवढा काळपट लाल डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो मोठा झाला. तिसऱ्या दिवशी कातडी फुटली. "अहो, डोळे उघडा!" असं ओरडावंसं वाटत होतं, पण आरशाला कुठून येणार आवाज? बाई विचारत होत्या, मालक "ठीक आहे" म्हणत होते आणि मी ते सगळं माझ्या काचेत घेऊन गप्प होतो.

पाचव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली. कपाळावरून घाम निथळू लागला. त्यांना वाटलं, सर्दी झाली असेल. दुपारपर्यंत ते असंबद्ध बोलायला लागले. बाईंनी चादर बदलायला त्यांना वळवलं, ती जखम पाहिली आणि बाईंच्या हातातली चादर गळून पडली.

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "जंतू रक्तात शिरलेत. औषधं चालू आहेत, पण पुढचे दोन दिवस मी काहीच सांगू शकत नाही." मी बाईंच्या पिशवीत होतो. दोन दिवस त्यांचा जीव टांगणीला लागलेला मला जाणवत होता. मोठ्याने रडल्या नाहीत. फक्त पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मालकांनी डोळे उघडले तशी बाईंनी मला बाहेर काढलं.

"रोज बघत होतात ना?"

मालकांनी नजर छताकडे वळवली.

"अहो, मी विचारतेय."

"नव्हतो बघत," ते म्हणाले. "धीरच व्हायचा नाही गं."

"आणि ठीक आहे, ठीक आहे म्हणत होतात! मी तुमच्या शब्दावर बिनघोर झोपत होते!" इतका वेळ दाबलेलं रडू आता फुटलं. "तुम्ही गेला असतात तर मी काय करायचं होतं?"

मालकांनी बाईंचा हात धरला. "चुकलो," म्हणाले. "चोवीस वर्षं लोक माझ्यासमोर अशीच मान हलवत होते. मीही तेच केलं."

जखम हाडापर्यंत गेली होती. ती भरायला सात महिने लागले, आणि तेवढा काळ मालकांना पालथं किंवा कुशीवरच राहावं लागलं. बाईंनी नवा नियम काढला. आरसा त्या धरणार आणि जे दिसेल ते मालकांनी मोठ्याने सांगायचं. पहिल्या दिवशी मालकांनी डोळे उघडले, तो खड्डा पाहिला, ते वाळके पाय पाहिले आणि लहान मुलासारखे रडले. मग नाक पुसून म्हणाले, "मधोमध लाल आहे. कडा गुलाबी. पू नाही." मी धन्य झालो, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा मालक माझ्यात बघत होते.

आता दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. गिऱ्हाइकाची खुर्ची खाली करून मालक चाकांच्या खुर्चीत बसूनच केस कापतात. दर पंधरा मिनिटांनी कात्री ठेवून गिऱ्हाइकांसमोर अंग उचलतात, लाजत नाहीत. मागून दाखवताना कुणी न बघता मान हलवली, तर मला तसाच धरून ठेवतात. "काय दिसलं ते सांगा." लोक वैतागतात. घड्याळवाले काका मात्र खूश आहेत.

मित्रांनो, माझी काच आता कडेला डागाळली आहे, पण अजून खोटं दाखवत नाही. तुमच्या घरातही कुणीतरी "ठीक आहे" म्हणत असेल. त्यांच्या मानेवर विसंबू नका, जरा जवळ जाऊन बघा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर आधी डोळे उघडा.

आज सकाळचंच सांगतो आणि थांबतो. बाईंनी मला धरलं होतं. मालक सांगत होते, "उजवीकडे काही नाही. मधला व्रण कोरडा. टाचा ठीक." मग माझा कोन जरा वर गेला. "आणि वर तू. केस किती वाढलेत तुझे! कधीपासून?"

"वर्ष झालं. सवड कुणाला होती?"

"बस इथे, कपाटाच्या आरशापुढे."

त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून बाईंचे केस नीट कापले. मग मला बाईंच्या डोक्यामागे धरलं. "मागून बरोबर आहे ना?"

बाईंनी मान हलवली नाही. पदराने डोळे पुसले, माझ्यात निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा डावीकडे धरा."