पाणी मी बंद केलं

पाणी मी बंद केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या अग्निशमन केंद्रात अजून कुणी माझ्या तोंडावर ते बोललेलं नाही.

आमचं शहर लहान, बंदराला चिकटलेलं. साठ वर्षांपूर्वी बाजार जळाला तेव्हा चिनी दुकानदारांनी वर्गणी काढून पहिला बंब आणला. आताचा बंब जपानमधून जुना घेतलेला. दारावरची अक्षरं आमच्यात कुणालाच वाचता येत नाहीत. टाकीत जेमतेम पाच मिनिटांचं पाणी. रस्त्यावरचे नळ मार्चमध्ये कोरडे ठणठणीत. म्हणून आग लागली की लोक आमचा पाइप हिसकावतात आणि आपापल्या घरावर पाणी मारत बसतात. पेटलेलं घर राहतं बाजूला. त्यावर जुन्या साहेबांनी नियम घातला होता : पाइप लोकांच्या हाती गेला की पंपवाल्याने पाणी तोडायचं, परत मिळाला की सोडायचं. बावीस वर्षं मी तो नियम पाळला. शिव्या खाल्ल्या, एकदा चप्पलही खाल्ली.

परवा भर दुपारी मासळीच्या धक्क्यामागची वस्ती पेटली. सगळं बांबू आणि प्लायवूड. गल्ली इतकी अरुंद की बंब तोंडाशीच अडला. अम्बो पाइप घेऊन आत निघाला. अम्बो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, नेनिंगचा नवरा.

"मानोंग, दाब कमी करू नका हं," जाताजाता तो म्हणाला. वयाने थोरल्याला आमच्याकडे मानोंग म्हणतात, म्हणजे दादा. "मागच्या वेळी त्या पाण्यात माझी आंघोळसुद्धा झाली नसती."

"आंघोळ घरी कर. आधी आग विझव."

दोन मिनिटं झाली असतील. धुरातून पाहतो तर पाइपाच्या टोकाला चारपाच जण लटकलेले, अम्बोचं पिवळं हेल्मेट कुठेच नाही. पाणी पडतंय एका निळ्या घराच्या दारावर, आणि ते घर पुढून अगदी धड दिसत होतं. माझं डोकं फिरलं. मी व्हॉल्व्हचा दांडा खाली ओढला.

एक बाई धावत आली. "पाणी सोडा, मानोंग. आत माणूस आहे."

"असतोच. दर आगीत तुमच्या घरात कुणीतरी असतंच. पाइप आमच्या माणसाकडे द्या, मग पाणी."

"अहो, तुमचाच माणूस आहे आत! माझ्या म्हाताऱ्याला आणायला गेलाय. पाइप त्यानेच आमच्या हातात दिला, दारावर पाणी धरा म्हणाला."

असल्या थापा मी आयुष्यभर ऐकल्यात. लोक छाती बडवतात, पाया पडतात. या बाईने तसलं काही केलं नाही. ती वाकली आणि दोन्ही हातांनी दांडा वर ढकलू लागली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दांडा वर केला, पण तोवर मागची ज्वाळा दारापर्यंत आली होती. म्हाताऱ्याला अम्बोने खिडकीतून बाहेर लोटलं. अम्बोवर मात्र छप्पर पडलं.

इस्पितळात तो जेमतेम बोलत होता. नेनिंग औषधं आणायला गेली होती.

"पाणी संपलं होतं ना, मानोंग?"

मी दांडा ओढला तेव्हा टाकीत निम्मं पाणी होतं.

"हो," मी म्हणालो. "संपलं."

"वाटलंच मला," तो म्हणाला. "तुम्ही पंपावर असताना पाणी दुसरं कशाने थांबणार."

संध्याकाळी तो गेला. तेव्हापासून त्याची शवपेटी घरात ठेवलीय, माणसं येतात, कॉफी-बिस्किटं घेतात, रिवाजाप्रमाणे रात्र जागवायला पत्ते खेळत बसतात. नेनिंग येईल त्याला माझ्यासमोर आणून उभं करते आणि सांगते, "शेवटच्या थेंबापर्यंत पाणी दिलं हो माझ्या भावाने." मग सगळे माझा हात हातात घेतात, आणि मी घेऊ देतो.