उलट्या तळव्यावरचा खिमा

मीठ नुसतं चवीला नसतं, हे सॉसेजच्या दुकानात वाढलेल्या लेकीला बाबांचं बीपी वाढल्यावर कळलं. डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं, तिनं आणलं, आणि सॉसेजचा झाला भुसा! सुरी लावली की चुरा. एक नाही, दोन नाही, सहा घाणे वाया गेले. "हे खाऊन जगण्यापेक्षा न खाता मेलेलं बरं," म्हणत बाबा ताटावरून उठायचे. त्यांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता. दुसरा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलं होतं.

सातव्या घाण्याला मीठ भुरभुरताना ती मध्येच थांबली. मांस, चरबी, मसाला, मीठ, सगळं एकदम पातेल्यात, ही बाबांची चाळीस वर्षांची रीत. मीठ भरपूर होतं तोवर खपून गेलं. पण आता चिमूटभर मीठ, आणि त्यातलं निम्मं चरबीवर! चरबीला त्याचं काय? मिठानं चिकट होऊन सगळं धरून ठेवतं ते लाल मांस!

"गाढव आहेस गं तू," तिनं स्वतःलाच सुनावलं.

चरबी बाजूला ठेवून तिनं सगळं मीठ नुसत्या लाल खिम्याला लावलं, खिमा गार राहावा म्हणून वर बर्फाचा चुरा टाकला आणि मळत सुटली. बोटं बधिर झाली, पण खिमा हळूहळू चिवट होऊ लागला. गोळा तळव्यावर थापून तिनं हात उलटा केला. पडेना! झटकला, तरी पडेना! एवढी मोठी बाई, पण फरशीवर चक्क उडी मारली तिनं. मग कुठे चरबी घातली, सॉसेज भरले, शिजवले.

"बाबा, कापा."

"सातवा भुसा का?" त्यांनी नाक मुरडत सुरी चालवली. पातळ चकती अख्खी निघाली. वाकवली, मोडली नाही. त्यांनी ती तोंडात टाकली आणि लगेच दुसरी कापली.

"मीठ कमीच आहे."

"कमीच असणार!"

"पण चावायला छान लागतंय गं." तिसरी चकती खाऊन ते उठले, आपल्या कपाटामागून एक डबा काढून आणला आणि तिच्यापुढे ठेवला. आत जुन्या रीतीचे, खारट सॉसेज होते.

तिनं डबा पुढ्यात ओढला. "रोज खायचात?"

"रोज." बाबांनी मान खाली घातली, मग बाह्या सरसावल्या. "टाकून दे ते. आणि मला मळायला शिकव."