कुसुमचे बावीस गुण

धुळ्याच्या कॉलेजातून योगराज सरांचा फोन आला, तेव्हा दिपमाला गच्चीवर कुरडया उलटत होती. एकट्या बाईला एवढ्या कुरडया कशाला, असं जळगावची शेजारीण दर उन्हाळ्यात विचारायची, आणि दिपमाला दर उन्हाळ्यात हसून विषय टाळायची.

"मॅडम, कॉलेजला पन्नास वर्षं होताहेत, स्मरणिका काढतोय," सर म्हणाले. "मुलींच्या बास्केटबॉल टीमनं सलग चार वर्षं विद्यापीठाचं अजिंक्यपद आणलं होतं म्हणे. पुन्हा कधी जमलंच नाही ते. तो इतिहास तुम्ही लिहा."

"मीच का?"

"तुम्ही कॅप्टन होतात. आणि खरं सांगू का, बाकी कोणी सापडत नाही."

दिपमाला शाळेतून निवृत्त झाली त्याला तीन वर्षं झाली होती. लग्न जमलं नाही, मग घरात विषयच निघेनासा झाला. आईवडील गेले, भाऊ सुरतेला स्थायिक झाला. एके काळी ती खेळायची का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती वही घेऊन बसली आणि दुपारचं जेवण विसरली.

मुरमाचं मैदान, पावसाळ्यात त्याचा होणारा चिखल. प्रशिक्षक गिरधर सर कडेनं अहिराणीत ओरडायचे, "हाई काय शे? बठ्ठ्या एकाच जागी?" सगळ्यांनी एका ठिकाणी गर्दी केलेली त्यांना खपत नसे. पहिल्या वर्षी तर हातात चषक आला तरी मुलींना खरं वाटेना. लिहिता लिहिता ती चौथ्या वर्षाच्या अंतिम सामन्याशी आली आणि थांबली. पुण्यातला सामना. मध्यंतराला अकरा गुणांनी मागे. मग कुसुमलतानं असा काही खेळ केला की समोरच्या मुलीही बघत राहिल्या. एकटीचे बावीस गुण.

कुसुमचे वडील रतिलालशेठ धान्याचे व्यापारी. मुलगी चड्डी घालून मैदानावर धावते हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. म्हणून ती वाचनालयात जाते असं सांगून सरावाला यायची. पुण्याला आली ती एन.एस.एस.च्या शिबिराचं निमित्त करून. फोटो निघायला लागला की सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाजूला उभी राहायची. त्यामुळे चार वर्षांच्या एकाही फोटोत ती नव्हती. आणि त्या सामन्यानंतर दोन महिन्यांत लग्न होऊन ती अमळनेरला गेली, परीक्षासुद्धा न देता.

संघातल्या दोघी वारल्या होत्या, एक परदेशी होती. कुसुम तेवढी बसनं दीड-दोन तासांवर. तरी इतक्या वर्षांत दिपमाला एकदाही गेली नव्हती. ती सकाळच्या एस.टी.नं निघाली.

अमळनेरला पत्ता विचारत पोहोचली. खाली कापडाचं दुकान, वर घर. सून प्रियलनं दार उघडलं. आतून आलेली बाई अजूनही दारात किंचित वाकली, इतकी उंच.

"कुसुम, मी दिपमाला. धुळ्याची. आपण एकत्र खेळायचो."

"मम्मीजी, तुम्ही खेळायच्या?" प्रियलचे डोळे मोठे झाले.

"मी कुठली खेळते?" कुसुमलता हसली. "यांची चूक होतेय. ती दुसरी कुसुम असेल. बेटा, चहा टाक."

प्रियल आत गेली. दिपमालाला उठून जावंसं वाटलं. तेवढ्यात कुसुमनं तिचा हात धरला, घट्ट.

"बावीस," ती हळूच म्हणाली. "तू मोजलेस ना?"

"मग खोटं का बोललीस? कॉलेजच्या स्मरणिकेत लिहितेय मी हे सगळं. आता कोण रागावणार आहे तुला?"

"कोणीच नाही. उलट कौतुक करतील. सून मोबाईलवर टाकेल, आमचे प्रकाशचंदजी दुकानात गिऱ्हाइकांना सांगतील, नातवंडं मला चेंडू फेकून दाखवायला लावतील." ती थांबली. "दीपा, या घरातलं सगळं सगळ्यांचं आहे. तेवढं एकच माझं एकटीचं आहे. नाव छापू नकोस."

"आणि मी? मला कोणाशी तरी बोलायचं होतं गं त्याबद्दल."

कुसुमचे डोळे भरले. "म्हणूनच पुन्हा येऊ नकोस. आलीस तर मलाही बोलावंसं वाटेल."

चहा आला. दोघी उन्हाबद्दल आणि कैऱ्यांच्या भावाबद्दल बोलल्या. परतीच्या बसमध्ये शेजारची जागा एरंडोलपर्यंत रिकामी होती. दिपमालानं त्या जागेवर पिशवी ठेवली.

लेख पाठवल्यावर आठवड्यानं योगराज सरांचा फोन आला. "मॅडम, झकास झालाय. फक्त अंतिम सामन्यात मैदानावर पाच जणी ना? नावं चारच आहेत. आणि बावीस गुण कोणी केले तेही राहिलंय."

दिपमालानं डोळे मिटले. मैदानाच्या टोकाकडून धावत येणारी कुसुम तिला लख्ख दिसली, वेणी कंबरेशी खोचलेली.

"आठवत नाही हो," ती म्हणाली.

"असू द्या, असू द्या. वय झालं की व्हायचंच." सरांचा आवाज मऊ झाला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "तब्येतीला जपा."

त्यांनी फोन ठेवला तरी तिनं तो बराच वेळ कानाला लावून ठेवला. मग उठून गच्चीवर गेली आणि वाळलेल्या कुरडया एकेक करून डब्यात भरू लागली.